काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा शोध

गुहागर भागातील एका कुटुंबाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पणजोबांच्या थोरल्या भावाला १८८० च्या सुमारास काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खोताशी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराशी, जमिनीवरून वाद झाला, त्यात मारामारी होऊन खोताचा माणूस दगावला आणि खुनाचा खटला चालला. घरात असे सांगतात की, त्यांना सेल्युलर जेलमध्ये ठेवले होते आणि कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ओढता ओढता तेथेच त्यांचा अंत झाला. यात खरे किती, तेथे त्यांचे काय झाले असेल आणि त्यांच्याविषयीचा एखादा कागद आज मिळू शकेल का, असे आपण विचारले आहे.

आधी सनावळीचे पाहू. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९०६ मध्ये पुरे झाले. त्यामुळे १८८० च्या सुमारास अंदमानात उतरलेल्या माणसाला त्या तुरुंगात ठेवणे शक्यच नव्हते. वीस-पंचवीस वर्षे जगून त्यांनी पुढे काही गुन्हा केला असेल तर गोष्ट निराळी, पण ती शक्यता फार थोडी आहे. म्हणून घरची हकिकत खोटी ठरते, असे मात्र मुळीच नाही. शिक्षा झाली, माणूस गेला आणि परत आला नाही, हा तिचा गाभा खरा असण्याचीच शक्यता अधिक आहे. विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानात पोहोचले, मे १९२१ मध्ये त्यांना परत आणले गेले आणि १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे ते रत्नागिरीतच स्थानबद्ध होते. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात अंदमानाविषयी जे बोलले गेले, ते त्या एका इमारतीभोवतीच बोलले गेले, आणि जुन्या घरांतील जुन्या आठवणीही हळूहळू तिच्याच कोठड्यांत जाऊन बसल्या.

जिल्ह्यातील जुने फौजदारी कागद आणि मुंबई सरकारच्या न्याय खात्याची दफ्तरे वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. अशा चौकशीसाठी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी आग्रहाने सांगतो की, अंदमानाच्या वसाहतीचा सर्वांत भीषण काळ सेल्युलर जेलच्या फार आधीचा आहे आणि तेथे पाठवलेल्या माणसांपैकी बहुतेक सर्वजण आपल्या पूर्वजासारखे साधे होते. १८५८ पासून १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुमारे ऐंशी हजार कैदी तेथे नेले गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत राजकीय कैदी काही शेकडेच होते. उरलेल्यांची नावे कोणत्याही भिंतीवर कोरलेली नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

या बेटांवर वसाहत करण्याचा पहिला प्रयत्न कंपनी सरकारने १७८९ मध्ये केला होता. रोगराईने माणसे इतकी मेली की १७९६ मध्ये तो गुंडाळावा लागला. पुढे १८५७ चा उठाव झाला, तुरुंग भरून गेले आणि उठावातील कैदी हिंदुस्थानच्या भूमीवर ठेवणे सरकारला धोक्याचे वाटू लागले, तेव्हा पुन्हा त्याच बेटांकडे लक्ष वळले. आग्र्याच्या तुरुंगाचा कारभार सांभाळलेले डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैद्यांची पहिली तुकडी घेऊन १० मार्च १८५८ रोजी तेथे उतरले. राहायला छप्पर नव्हते. दाट जंगल, खाजणे आणि थोड्याच आठवड्यांवर आलेला पावसाळा अशा स्थितीत, पायांत बेड्या असलेल्या माणसांना चॅथम आणि रॉस या लहान बेटांवरील रान तोडायला जुंपण्यात आले. कोकणातला पावसाळा ज्याने उघड्यावर, भिजक्या अंगाने एक दिवस जरी काढला असेल त्याला यापुढचे आकडे वाचताना वेगळे काही सांगावे लागणार नाही. जूनच्या मध्यापर्यंत एकूण ७७३ कैदी उतरवले गेले होते. त्यांपैकी ४८१ उरले. चौसष्ट जण रुग्णालयात मेले, एकशे चाळीस पळाले ते परत सापडलेच नाहीत, एकाने आत्महत्या केली आणि पकडून आणलेल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकर यांनी फासावर चढवले. वरिष्ठ सरकारनेदेखील या फाशींबद्दल नापसंती कळवली होती, पण तोवर ती देऊन झाली होती.

इतकी माणसे पळत का होती, हा प्रश्न पडतो. जंगल संपले की ब्रह्मदेश लागतो, तेथील राजा आसरा देतो, अशी समजूत कैद्यांमध्ये पसरली होती. आपण बेटावर आहोत आणि चहूबाजूंनी समुद्र आहे, हे उत्तरेच्या मैदानातून आलेल्या पुष्कळांना माहीतच नव्हते. पळालेले कोणी भुकेने गेले, कोणी मूळ रहिवाशांच्या बाणांनी गेले. दूधनाथ तिवारी हा एकच प्रसिद्ध अपवाद. तो सुमारे एक वर्ष अंदमानी लोकांत राहिला, १८५९ मध्ये परतला आणि त्यांचा हल्ला येत आहे, अशी खबर त्याने इंग्रजांना दिली. ॲबर्डीनची चकमक म्हणतात ती हीच. तिवारीला माफी मिळाली. ज्यांनी त्याला आपल्यात ठेवून घेतले, त्या अंदमानी लोकांच्या वाट्याला मात्र वसाहतीबरोबर आलेले रोग आले. १८७७ च्या गोवराच्या साथीत त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या, आणि एके काळी हजारोंच्या संख्येने असलेले ग्रेट अंदमानी १९६१ च्या जनगणनेत अवघे १९ उरले होते. काळ्या पाण्याविषयी आपण बोलतो तेव्हा हा हिशेब बहुधा राहूनच जातो. शिक्षा न होताही ज्यांचा जवळजवळ निर्वंश झाला, ती माणसे या इतिहासाच्या बाहेर ठेवता येत नाहीत.

आता आपल्या पूर्वजांच्या काळाकडे येतो. १८८० पर्यंत घडी बसली होती. आदल्या दशकात, ८ फेब्रुवारी १८७२ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा शेर अली आफ्रिदी या कैद्याने होपटाऊनच्या धक्क्यावर खून केला होता, आणि त्यानंतर शिस्त अधिकच आवळली गेली. शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी दिले. आपल्या पूर्वजांनी तुरुंग पाहिलाच असेल, तर तो या व्हायपर बेटावरचा. तेथे कैद्यांना साखळीने एकमेकांना जखडून कामाला नेत आणि पळणारे, अंगावर येणारे किंवा काम नाकारणारे कैदी तेथे ठेवत. इतरांना बराकीत राहावे लागे. जंगलतोड, दगड फोडणे, विटा पाडणे, खाजण भरून जमीन करणे, लाकडे ओढणे अशी कामे असत. चॅथम बेटावर १८८३ मध्ये सरकारी लाकूड गिरणी सुरू झाली, आणि तिला लागणारे ओंडके रानातून ओढून आणले ते याच माणसांनी. हिवतापाने आणि अतिसाराने माणसे मरत. अशा मरणाची घरी काही बातमी येत नसे, किंवा आली तरी तालुक्याच्या कचेरीपर्यंत येऊन थांबे.

साधारण दहा वर्षे वर्तणूक चांगली राहिली तर जन्मठेपेच्या कैद्याला स्वतःच्या कमाईवर राहण्याची परवानगी मिळे. त्याला वसाहतीच्या गावात थोडी जमीन मिळे, गुरे बाळगता येत, आणि घरून बायकामुलांना बोलावण्याची किंवा स्त्री-कैद्याशी लग्न करण्याची मुभा असे. वीस ते पंचवीस वर्षांनी सुटकेचा विचार होई. म्हणजे १८८० मध्ये गेलेला तरुण माणूस जगला असता, तर १९०० ते १९०५ च्या दरम्यान तो मोकळा होऊ शकला असता. परत न येणे म्हणजे मरणेच, असे धरून चालू नका. पुष्कळांनी तेथे दुसरा संसार मांडला. निरनिराळ्या प्रांतांतली, निरनिराळ्या जातींची ती माणसे हिंदुस्थानी बोलू लागली, आणि त्यांच्या मुलांना सरकारी कागदांत ‘लोकल बॉर्न’ म्हटले गेले. दुसरीकडे घरच्यांनी वाट पाहणे कधीच सोडलेले असे. बारा वर्षे बेपत्ता राहिलेल्याचा पालाशविधी करून, पळसाच्या पानांची प्रतिकृती जाळून सुतक धरण्याची चाल आपल्याकडे होती. आपल्या घरी तसा विधी केल्याची आठवण कोणी सांगत असेल, तर ती नीट विचारून घ्या. विधीच्या वर्षातून बारा वजा केले की शिक्षेचे साल अदमासाने हाती येते, आणि शोध तेथून सुरू करता येतो.

कोलूचीही गोष्ट स्पष्ट करतो, कारण घरच्या हकिकतीत ती आली आहे. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी अंदमानची पाहणी केली. इकडच्या तुरुंगात खितपत पडण्यापेक्षा कैद्यांना अंदमान बरे वाटू लागले आहे, या शिक्षेची जरब उरलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून तेथे आल्या आल्या काही महिने प्रत्येकाला एकटे, कडक बंदोबस्तात ठेवावे, अशी शिफारस त्यांनी केली, आणि सेल्युलर जेल बांधला गेला तो या शिफारशीतून. माणसांनी तीस वर्षांत त्या बेटावर कसेबसे जगण्याजोगे काही उभे केले होते, आणि नेमके तेच सरकारला खटकले. त्या अहवालातील सगळ्यांत अंगावर येणारी गोष्ट मला हीच वाटते.

सेल्युलर जेल म्हणजे मधल्या मनोऱ्यातून निघालेल्या सात इमारती, प्रत्येकी तीन मजले, जवळपास सातशे कोठड्या. कोठडी साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद, झरोका हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ येई, त्यामुळे समोरासमोर दोन माणसे कधी यायची नाहीत. कैद्याच्या गळ्यात लोखंडी कडे असे आणि त्यात अडकवलेल्या लाकडी बिल्ल्यावर त्याचा क्रमांक, कलम, शिक्षेची आणि सुटकेची तारीख. कोलूला जुंपलेल्या माणसाने दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचे, म्हणजे साडेतेरा किलोंहून अधिक. बैलाच्या जागी माणूस बांधलेला असे. दुसरे काम काथ्याचे. हे काम आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजत घालतात, तेव्हा कोठे ती कुटण्याजोगी मऊ होतात. तुरुंगात मात्र सुकी सोडणे समोर टाकत. ती लाकडी मोगरीने ठेचायची, वरची साल काढायची, थोडे पाणी मारून पुन्हा ठेचायची आणि संध्याकाळी ठरलेल्या वजनाचा स्वच्छ, सुकवलेला काथ्या तोलून द्यायचा. पहिल्या आठवड्यातच तळहात सोलून निघत. या छळापायी १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी गळफास घेतला आणि उल्हासकर दत्त यांच्या मनाचा तोल गेला. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने अन्न भरवताना महावीर सिंग, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मोइत्रा मृत्युमुखी पडले. हे सर्व आपल्या पूर्वजांच्या काळानंतरचे आहे.

चौकशीला येणारी कुटुंबे जवळजवळ नेहमी पुरुषाविषयी विचारतात. काळ्या पाण्यावर गेलेल्या स्त्रियांविषयी कोणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्यांची संख्या पुरुषांच्या मानाने अगदी थोडी होती, पण त्यांत पोटच्या मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झालेल्या पुष्कळ होत्या, आणि त्या ‘हत्ये’मागे बहुधा पुनर्विवाहाची बंदी असलेली तरुण विधवा, तिला फसवणारा घरातला किंवा ओळखीतला पुरुष आणि समाजाची भीती असे. जोतीराव फुले यांनी १८८४ मध्ये लिहिलेल्या आपल्या मतांत पुण्यातील काशीबाई या स्वयंपाकीण विधवेची हकिकत सांगितली आहे. गरोदर राहिल्यावर तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठवले गेले. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी विधवांसाठी आपल्या घरात जे प्रसूतिगृह उघडले, त्यामागे ही घटना होती. १८८१ मध्ये सुरतेच्या बाजूच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच आरोपावरून प्रथम फाशी, मग जन्मठेप आणि शेवटी पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यावरून स्त्रीजातीला जे बोल लावले गेले, त्यांना उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. कोकणातही अशा स्त्रिया होत्या. घरातील वंशावळीत एखादी विधवा आत्या किंवा चुलती नावानिशी आहे आणि पुढे तिचा काहीच उल्लेख नाही, असे दिसले तर तेथे थांबून विचार करावा, एवढे माझे आपल्याला सांगणे आहे.

शोधाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ‘काळे पाणी’ म्हणजे दरवेळी अंदमान नव्हे. १८५८ च्या आधी मुंबई इलाख्यातील कैदी मॉरिशसला, मलाक्क्याच्या सामुद्रधुनीच्या बाजूला आणि १८२५ पासून सिंगापूरला जात असत. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदी कैद्यांच्या श्रमाने उभे राहिले आहे. अंदमान सुरू झाल्यावरही सगळे तेथेच गेले असे नाही. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेप झाल्यावर एडनला पाठवले गेले. तेथून ते १८८३ च्या फेब्रुवारीत दार उखडून निसटले, पकडले गेले आणि १७ फेब्रुवारीला तेथेच वारले. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेची सहा वर्षे मंडालेत गेली. आणि उलट बाजूने पाहायचे तर ब्रह्मदेशचा राजा थिबा याला १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, रत्नागिरीत आणून ठेवले होते. आगगाडी नाही, पावसाळ्यात बंदरे बंद, परक्या माणसाला निसटायला वाट नाही, अशी जागा सरकारला हवी होती.

आता कागदांविषयी. आपल्याकडे नाव, गाव आणि अदमासे साल आहे, आणि एवढ्यावर सुरुवात करता येते. पहिली जागा रत्नागिरीची. खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालला असणार, आणि त्या काळच्या खटल्यांच्या नोंदवह्या शिल्लक असतील तर त्यांत आरोपीचे नाव, बापाचे नाव, गाव, कलम आणि शिक्षा एवढे मिळते. त्या वेळी गुहागर हा स्वतंत्र तालुका नव्हता, तो चिपळूणचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता, म्हणून चिपळूणखाली पाहावे. आडनाव बहुधा सापडणार नाही. ‘अमुक बिन तमुक’ अशी नोंद असते, म्हणून पूर्वजांच्या वडिलांचे नाव ठाऊक नसेल तर आधी ते शोधून काढा. ते नसेल तर एकाच गावातील तीन सखाराम वेगळे करता येत नाहीत. इंग्रजी कागदांत गावांची नावे साहेबाच्या कानाला जशी वाटली तशी लिहिली आहेत, रत्नागिरीचे ‘रुटनाघेरी’ आणि चिपळूणचे ‘चिपलून’ असे वाचायची सवय ठेवावी लागते. जबान्या आणि पंचनामे मोडीत असतील. मोडी वाचणारी माणसे आज रत्नागिरी आणि चिपळूणला मिळतात.

दुसरी जागा मुंबईत, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेले राज्य पुराभिलेखागार. तेथे न्याय खात्याच्या वर्षवार जिल्दा, म्हणजे कागदांचे बांधीव खंड, आहेत. आधी फाशी झाली असेल आणि ती उच्च न्यायालयाने किंवा सरकारने जन्मठेपेत बदलली असेल, तर त्या पत्रव्यवहारात खटल्याची सविस्तर हकिकत मिळण्याचा संभव बराच आहे, कारण दया दाखवायची तर कारणे लिहावी लागत. खोत आणि कुळांच्या तंट्यावर सरकारचे त्या वर्षांत बारीक लक्ष होते, खोती कायदाही १८८० चाच आहे. त्यामुळे आपल्या खटल्याचा उल्लेख महसूल खात्याच्या कागदांत निघाला तरी मला नवल वाटणार नाही. तिसरी जागा दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार. तेथे गृह खात्याची ‘पोर्ट ब्लेअर’ अशी स्वतंत्र शाखाच आहे, आणि तिच्यातील पुष्कळ कागद आता ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. सुटका, कुटुंब बोलावण्याची परवानगी, लग्नाची परवानगी, दयेचे अर्ज या विषयांखाली शोध घ्यावा. पोर्ट ब्लेअरमध्ये (आताचे श्री विजयपुरम) जाऊन जुन्या नोंदी मिळतील अशी आशा मात्र फार धरू नका. १९४२ ते १९४५ या जपानी अमलात तेथील दफ्तरांचा मोठा भाग नष्ट झाला.

गावात पाहण्यासारखे म्हणजे बोटखत. खोती गावांतील कुळांच्या नोंदी त्यात असत. पूर्वजांच्या नावची शेते कोणत्या वर्षी दुसऱ्याच्या नावावर गेली, ‘मयत’ लिहिले आहे की नुसतेच नाव कमी केले आहे, हे बारकाईने पाहावे. गुन्हेगाराची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद दंडसंहितेत १९२१ पर्यंत होती, तेव्हा जमीन सरकारजमा होऊन लिलावात गेली असण्याचीही शक्यता लक्षात ठेवावी.

शिक्षेची नोंद सापडली आणि पुढे अंदमानाचा काहीच कागद लागला नाही, तर शोध सोडू नये, जागा बदलावी. काळ्या पाण्याची शिक्षा झालेला प्रत्येकजण जहाजावर चढलाच असे नाही. डॉक्टरी तपासणीत वयाने, आजाराने किंवा अशक्तपणाने नापास झालेल्यांना इकडच्याच तुरुंगांत ठेवून घेत. मुंबई इलाख्यातील जन्मठेपेचे कैदी ठाण्याच्या तुरुंगात आणून ठेवण्याची रीत होती. १९११ मध्ये सावरकरांनाही भायखळ्याहून ठाण्याला, तेथून आगगाडीने मद्रासला आणि मग ‘महाराजा’ बोटीने अंदमानला नेले. तेव्हा आधी ठाण्याच्या आणि मग येरवड्याच्या तुरुंगासंबंधीचा पत्रव्यवहार पाहावा. १८७९ ते १८८३ या पाच वर्षांच्या जिल्दांपासून सुरुवात करा. वडिलांचे नाव आणि त्या वेळचे अदमासे वय मला कळवलेत, तर मुंबईत कोणत्या खात्याची कोणती जिल्द आधी मागवायची, ते मी लिहून देईन.